मदत हवी आहे: पॅरालीगलचा दूरस्थ अभ्यासक्रम, वाचलेलं उत्तरात उतरत नाही

पानावरची_खूण:
नोकरी सांभाळून पॅरालीगलचा (वकिलाच्या कायदेविषयक सहायकाचा) दूरस्थ अभ्यासक्रम चालू आहे. सहा विषय, परीक्षेला १४ आठवडे, हाताशी आठवड्याला ९ तास. वाचून, अधोरेखित करून झालं की समजल्यासारखं वाटतं. पण 'अमुक घडलं, आता काय करता येईल?' असा प्रश्न आला की कलम आठवतं आणि पेन तिथेच थांबतं. नोट्स कशा काढायच्या? वेळ कसा वाटायचा?

परंतुक:
रंगवलेलं पान पुन्हा पाहिलं की ओळखीचं वाटतं, एवढंच. ते आठवतंय असं नाही. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६चा प्रयोग याच मुद्द्यावर आहे. चाचणी ५ मिनिटांनी घेतली तर पुन्हा वाचणारे सरस ठरले, पण आठवड्याने घेतली तेव्हा मजकूर मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. हायलायटर आधी बाजूला ठेवा.

कलम पाठ करू नका, फोडा. कोऱ्या कागदावर चार ओळी: कोणाला लागू, कोणत्या अटींवर, परिणाम काय, अपवाद कुठे. अटींमध्ये 'आणि' आहे की 'किंवा', त्याला गोल करा. 'आणि' असेल तर एक अट तुटली तरी कलम लागत नाही. 'किंवा' असेल तर एकच पुरते. 'करील' म्हणजे बंधन, 'करू शकेल' म्हणजे सहसा मुभा. 'परंतु'पासून पुढचा भाग वेगळ्या रंगात, कारण प्रश्न काढणारा हमखास तिथेच खड्डा खणतो. आणि व्याख्यांचं कलम आधी वाचा. 'व्यक्ती' या शब्दात कंपनी येते की नाही, एवढ्यावर अख्खं उत्तर फिरतं.

मग पुस्तक मिटून स्वतःच प्रश्न तयार करायचा: एक अट मोडणारा, एक अपवादात बसणारा. उत्तराचा क्रम असा: मुद्दा, नियम, तथ्यांना नियम लावणं, निष्कर्ष. तुमचं पेन तिसऱ्या टप्प्यावर अडतंय. तिथे प्रत्येक अटीसमोर प्रश्नातलं एक तथ्य आलंच पाहिजे. जिथे तथ्य सापडत नाही तिथे 'ही माहिती पक्षकाराकडून घ्यावी लागेल' असं लिहा. त्यालाही गुण असतात, आणि प्रत्यक्ष कामही तेच आहे.

निकालपत्र:
वरच्याला +१. निवाड्यांसाठी वेगळी रीत लागते. एक निवाडा, एक पान, त्याहून जास्त नाही. डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन घ्या, १९३२, हाउस ऑफ लॉर्ड्स (ब्रिटनचं तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय):

तथ्ये: मैत्रिणीने विकत घेऊन दिलेल्या जिंजर बिअरच्या अपारदर्शक बाटलीत गोगलगायीचे कुजलेले अवशेष निघाल्याची तक्रार.
मुद्दा: करार नसतानाही उत्पादकावर ग्राहकाप्रती काळजी घेण्याचं कर्तव्य येतं का?
निर्णय: येतं. ३ विरुद्ध २.
कारण: माल मधे तपासला जाण्याची वाजवी शक्यता नसताना तो थेट ग्राहकापर्यंत पोचतो.

बहुतेकांना गोगलगाय आठवते, 'अपारदर्शक' सुटतं. खरं वजन त्या शब्दावर आहे: दुकानदाराला किंवा ग्राहकाला आत डोकावून पाहता येत नव्हतं. तथ्य गाळून पाहायचं. निकाल डळमळला तर ते कामाचं, नाहीतर खोडा.

तारीख_पे_तारीख:
वेळेचं गणित: १४ × ९ = १२६ तास. शेवटच्या तीन आठवड्यांचे २७ फक्त जुन्या प्रश्नपत्रिकांना, घड्याळ लावून. उरले ९९, म्हणजे विषयाला साडेसोळा. स्वाध्याय यातूनच निघतात, वेगळा वेळ नसतो. एका आठवड्यात एकच विषय घासू नका. दोन आलटून पालटून घ्या आणि लिहिलेलं पान दुसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी, महिन्याने न बघता पुन्हा लिहा.

मुदत मोजायचा सराव रोज ५ मिनिटं. ३ मार्चपासून ३० दिवस: पहिला दिवस वगळला तर २ एप्रिल, धरला तर १ एप्रिल. कोणता दिवस वगळायचा आणि शेवटचा दिवस सुट्टीचा निघाला तर काय, हे लागू कायद्यात पाहूनच बोटांवर मोजायला घ्या. अंदाजाने मोजणारा एका दिवसाने चुकतो, आणि मुदत हुकायला एक दिवसही पुरतो.

पानावरची_खूण:
धन्यवाद सगळ्यांना. स्वाध्यायात संदर्भ शोधायला चॅटबॉट वापरला तर चालेल का?

निकालपत्र:
अवघड उतारा सोप्या शब्दांत मागायला हरकत नाही. संदर्भासाठी मात्र नको. न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात २०२३ मध्ये चॅटबॉटने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर झाले आणि वकिलांना ५,००० डॉलरचा दंड बसला. प्रत्येक निवाडा मूळ अहवालात (निवाडे छापणाऱ्या संग्रहात) उघडा, पक्षकारांची नावं, वर्ष आणि परिच्छेद क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. कायदा नंतर बदललाय का तेही त्याच बैठकीत पाहा. छापील अभ्यास-पुस्तिका जुनी असते, दुरुस्ती तिच्यात नसते.

परंतुक:
आणि स्वाध्याय शेवटच्या रात्री अपलोड करू नका. दोन दिवस आधी पाठवा, पोचपावतीचा स्क्रीनशॉट ठेवा.