आठवीसाठी हायस्कूल: जवळचं की तालुक्याचं?

बोरीकाठ (पारोळा तालुका)
मुलगी झेडपीच्या शाळेतून सातवी झाली. दोन हायस्कूल समोर आहेत, दोन्ही अनुदानित. एक ४ किमीवर, फाटकावर 'निकाल १०० टक्के' असा फलक. दुसरं तालुक्याला, १३ किमी, निकाल ८८ टक्के, पण सेमी (गणित-विज्ञान इंग्रजीतून) आहे. घरचे म्हणतात १०० टक्केवाल्यात टाका. आणखी काय बघावं?

फळा-खडू
भाऊ, फलक सोडा, पट विचारा. मार्च २०२५ ला दहावी दिलेली बॅच २०२२-२३ ला आठवीत होती. तेव्हा ६० पोरं आणि परीक्षेला ४०, तर मधली २० गेली कुठे? काही गाव सोडून जातात, काही मुलींची लग्नं लावतात. पण कच्च्या पोरांना १७ नंबरचा फॉर्म भरायला, म्हणजे शाळेबाहेरून खासगी बसायला लावून निकाल चकचकीत ठेवायची युक्तीही जुनीच. यूडायस प्लस या सरकारी शाळा-माहितीच्या साइटवर शाळेचा ११ आकडी कोड टाकला की इयत्तावार पट, शिक्षकसंख्या दिसते. जळगाव जिल्ह्याचा कोड २७०३ ने सुरू होतो.

टक्केवारीही फसवते. सहा विषयांपैकी चांगले पाचच धरतात, म्हणून गणितात ४० पडलेलं पोरगं ८५ टक्केवालं दिसतं. त्यात प्रत्येक विषयाचे २० गुण शाळेच्याच हातात. गणिताच्या लेखी पेपरात ८० पैकी ५० च्या वर किती जण गेले, एवढंच विचारा. मुख्याध्यापक आकडा देतात की विषय बदलतात, त्यातही उत्तर असतं.

तासिकावाला
पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, पद जातं. मग गणित-विज्ञान तासिकेवरच्या (तासाप्रमाणे पैसे मिळणाऱ्या) माणसाकडे, नाहीतर भूगोलाच्या सरांकडे. शिक्षक किती, यापेक्षा नववी-दहावीचं गणित कोण घेतं आणि तो बी.एस्सी. आहे का, ते विचारा. प्रयोगशाळा दाखवा म्हणा. नळाला पाणी नसेल, बाटल्यांवर धूळ असेल, तर प्रयोगवही फळ्यावरून उतरवून घेतात असं समजा.
एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला आठवीतून किती बसवतात तेही बघा. पास होऊन गुणवत्ता यादीत आलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० मिळतात. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख.

बोरीकाठ
१३ किमी रोजचं कसं जमवायचं?

फैजपूरकर
मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट, अहिल्याबाई होळकर योजनेतून. अडचण पैशाची नाही, वेळेची. शाळा ५ ला सुटते, पण दहावीचे जादा तास त्यानंतर किंवा सकाळी. त्या वेळेला गाडी आहे का, हे डेपोत विचारा, शाळेत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा होतो. तेव्हा पुढचा धडा रेटतात की थांबतात, तेही नववीतल्या पोरांनाच विचारा. खिचडी आठवीपर्यंतच, नववीपासून डबा.

फळा-खडू
सेमीचं एक. सातवीपर्यंत 'अपूर्णांक' म्हणणारी पोर आठवीत 'फ्रॅक्शन' ऐकून दिवाळीपर्यंत गप्प बसते. गणित येतं, शब्द अडतो. बालभारतीचं सातवीचं इंग्रजी माध्यमाचं गणित-विज्ञान मोफत पीडीएफ मिळतं. शाळा सुरू व्हायच्या आत फक्त शब्द लिहून काढा, रोज दहा. आणि घरात अहिराणी असेल तर सरांना ती कळते का, हे आधी बघा. पोर शंका अहिराणीतच विचारते.