मदत हवी आहे: चीनच्या भिंतीवरची मॅरेथॉन, क्ष-किरण यंत्रासाठी निधी आणि डॉ. कोटणीसांचं स्मारक

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची. वय ४६, नोकरी परिचारिकेची. नऊ वर्षं पळतेय. मुंबईची पूर्ण मॅरेथॉन दोनदा केली, त्यातली बरी वेळ ५ तास ६ मिनिटं. येत्या मे महिन्यात चीनमध्ये हुआंगयागुआनला भिंतीवरची मॅरेथॉन पळणार आहे. नाव नोंदवलंय, पहिला हप्ताही भरलाय.

हे का करतेय ते आधी सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळतील. माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पान-तंबाखू, आणि दिवसाला हजार विड्यांचा हिशेब. तिचा खोकला आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं 'तंबाखूचा खोकला' म्हणून सोडून दिला. छातीचा फोटो काढला तेव्हा उशीर झाला होता. आमच्या भागात एक छोटा न्यास विडी कामगार बायकांसाठी दवाखाना चालवतो. रोजावर पाणी सोडून फोटो काढायला शहरात जाणं या बायकांना जमत नाही, म्हणून वस्तीत नेता येईल असं क्ष-किरण यंत्र त्यांना घ्यायचंय. त्यासाठी मी मीटरला दहा रुपये असा हिशेब धरलाय. ४२,१९५ मीटरचे ४,२१,९५० रुपये.

आता अडचणी. आमचं सोलापूर सपाट. पूल सोडला तर चढ नाही, आणि या शर्यतीत ५,१६४ पायऱ्या आहेत. सराव कसा करू?

दुसरी अडचण बोलायला जड जाते. मी लोकांना निधीबद्दल सांगायला लागले तेव्हा ओळखीतल्याच एकाने विचारलं, "म्हणजे आमच्या पैशात तुमचं चीन फिरून होणार." विमान, राहणं, प्रवेश शुल्क हे सगळं मी माझ्या भिशीतून आणि रजेच्या पैशांतून करतेय. पण ते दिसणार कसं? पैसे कुठे, कसे घ्यायचे? न्यू जर्सीचा भाचाही द्यायचं म्हणतोय, ते चालेल का?

तिसरं, शर्यतीनंतर मला शिजियाझुआंगला जायचंय. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ साली चीनमध्येच वारले, त्यांचं स्मारक तिथे आहे. एकटी जाईन, चिनी येत नाही, मी पूर्ण शाकाहारी. एका दिवसात होईल का?

आणि मुलगा घाबरलाय. २०२१ मध्ये चीनमध्ये शर्यतीत माणसं गेली होती, ती बातमी त्याने शोधून काढली. त्याला काय सांगू?

---

घाटवाट

ताई, आधी अभिनंदन. मी ही शर्यत २०१८ ला केली आहे, तेव्हा पायऱ्यांचं मी सांगतो.

५,१६४ हा आकडा ऐकून दडपू नका, पण त्याला हलकंही घेऊ नका. पुण्याच्या पर्वतीला १०३ पायऱ्या. म्हणजे जवळपास पन्नास वेळा पर्वती, आणि तीही बेचाळीस किलोमीटरच्या मध्ये. शिवाय पर्वतीच्या पायऱ्या एकसारख्या आहेत, इथे एक पायरी घोट्याएवढी तर पुढची गुडघ्याएवढी. पळण्याची लय बसूच शकत नाही. भिंत दोनदा लागते. पहिल्यांदा सुरुवातीला, पाय ताजे असताना. मग खाली उतरून गावांमधून, शेतांतून लांबचा रस्ता आहे. तिथे पोरं हात पुढे करून उभी असतात, टाळी दिल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि ३४ किलोमीटरच्या आसपास भिंत पुन्हा, या वेळी उलट बाजूने. खरी शर्यत तिथून सुरू होते. तिथे सगळे चालतात, मीही चाललो.

वेळमर्यादा ८ तासांची आहे. सपाटीच्या वेळेत निम्मी वेळ आणखी मिळवा असं तिथे सांगतात. तुमच्या ५:०६ चे साधारण ७:४० होतात. बसतं, पण हाताशी वीसच मिनिटं उरतात. म्हणून सराव पायऱ्यांचाच करा, वेगाचा नको.

सोलापुरात पार्क स्टेडियमच्या प्रेक्षकांच्या पायऱ्या आहेतच. आठवड्यातून दोनदा तासभर, चढ-उतार दोन्ही. महिन्यातून एकदा नळदुर्ग गाठा, उपली बुरुजाच्या पायऱ्या अंगाला ओळखीच्या करून ठेवा. आणि उतरण्याचा सराव विसरू नका. चढताना दम लागतो, पण मांड्या जातात त्या उतरताना. मी ते शिकलो दुसऱ्या दिवशी, हॉटेलच्या जिन्यात. जमलं तर सिंहगडावर एक रविवार काढा, पुण्यात राहायची सोय मी करतो.

---

ताळेबंद

धर्मादाय संस्थांचे हिशेब तपासणं हे माझं रोजचं काम. ताई, त्या गृहस्थांच्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नका, पण त्याचं उत्तर बोलून देऊ नका, व्यवस्थेतून द्या.

एक पैसाही तुमच्या खात्यात येता कामा नये. तुमच्या फोनवरचा क्यूआर कोड कुणाला देऊ नका, "नंतर वळते करते" हेही नको. देणगी थेट न्यासाच्या खात्यात जाऊ द्या आणि पावती न्यासानेच फाडावी. न्यासाला सांगून या यंत्रासाठी हिशेबात वेगळं शीर्ष, म्हणजे स्वतंत्र नोंद, ठेवायला लावा, म्हणजे किती जमले ते कधीही दाखवता येईल. यंत्राचं दरपत्रक आधीच मागवून लोकांपुढे ठेवा. आणि तुमच्या प्रवासाचा खर्च कुठून झाला तेही दोन ओळींत लिहा. मागायच्या आधी लिहिलं की माणसं विश्वास ठेवतात.

न्यासाकडे ८०जी असेल तर देणगीदाराला करात सवलत मिळते, पण दोन गोष्टी आधीच सांगून टाका: दोन हजारांच्या वर रोख दिले तर ती मिळत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना तर मिळतच नाही. नंतर कळलं की लोक चिडतात.

भाच्याचं: त्याच्याकडे पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर तो अनिवासी भारतीय, स्वतःच्या कमाईतून त्याने बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी योगदान धरले जात नाहीत. अमेरिकन नागरिक झाला असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असूनही ते विदेशी योगदानच. मग न्यासाची एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदान कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या त्यांच्या खात्यातच यायला हवेत. नोंदणी नसेल तर भाच्याला प्रेमाने नाही म्हणा. त्याच्या आईच्या खात्यातून फिरवून आणायचा विचारही करू नका.

आणि कृपा करून चीनमध्ये कुणाकडे निधी मागू नका. तिथे २०१६ पासून धर्मादाय कायदा आहे, लोकांकडून जाहीर निधी गोळा करायला परवानगी असलेली संस्थाच लागते. तुम्ही पर्यटक म्हणून जाताय. बनियनवर न्यासाचं नाव लावा, तेवढं पुरे.

---

उंबरठा

व्हिसाची एवढी काळजी नको. चीनमध्ये २४० तास बिनव्हिसा राहता येतं असं वाचलंय.

---

पूर्वेकडे

वरच्या प्रतिसादावर जाऊ नका ताई. ती सवलत ठराविक ५५ देशांना आहे, त्यात भारत नाही. शिवाय तिसऱ्या देशात पुढे जायचं असेल तरच ती लागू होते. तुम्हाला पर्यटक व्हिसा काढावाच लागेल. अर्जात रोजचा कार्यक्रम आणि हॉटेलं लिहावी लागतात, तेव्हा शिजियाझुआंगचा दिवस त्यातच घाला.

मी बीजिंगला सहा वर्षं होतो. शिजियाझुआंग एका दिवसात आरामात होतं. बीजिंग पश्चिम स्थानकातून वेगवान गाडी, सव्वा ते दीड तास. तिकीट पासपोर्टवरच निघतं, फाटकातही पासपोर्टच दाखवायचा, म्हणून तो हॉटेलात ठेवून निघू नका. बीजिंगला मोठी स्थानकं बरीच आहेत, 'बीजिंग शी' म्हणजे पश्चिम, हे चिनी अक्षरांत लिहून जवळ ठेवा.

पैशांसाठी निघण्याआधी इथेच अलीपे उतरवून आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडा. भाजीवालीही तिथे फोनवरच पैसे घेते. व्हॉट्सॲप आणि गूगल तिथल्या इंटरनेटवर चालत नाहीत, पण भारतातल्या सिमवर रोमिंग घेतलं तर सहसा चालतात. मुलाशी रोज बोलायचंय तर रोमिंगच घ्या.

खाण्याचं: 'वो छृ सू' म्हणजे मी शाकाहारी आहे. पण तेवढ्याने भागत नाही, भाजीत मांसाचा रस्सा किंवा चरबी असू शकते. बौद्ध मंदिरांजवळची शाकाहारी उपाहारगृहं शोधा, तिथे निर्धास्त जेवाल. शर्यतीच्या आदल्या दिवशी मात्र प्रयोग नको. दशम्या आणि शेंगाचटणी घेऊन जा.

आता मूळ गोष्ट. शिजियाझुआंगच्या शहीद स्मारकात डॉ. कोटणीस आहेत, आणि कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथूनही तिथेच. टॅक्सीवाल्याला 'कोटणीस' कळणार नाही, 'के दिहुआ' म्हणा. हे त्यांचं चिनी नाव. मी गेलो तेव्हा शाळेची सहल आली होती. मी भारतातून आलोय म्हटल्यावर त्यांच्या बाई मला पुतळ्यापर्यंत घेऊन गेल्या. मी मुलांना नकाशात सोलापूर दाखवलं.

---

घाटवाट

मुलाच्या प्रश्नाचं राहिलं होतं. मे २०२१ ची ती शर्यत गान्सू प्रांतातली, डोंगरातली १०० किलोमीटरची. अचानक गारा, थंड पाऊस आणि वादळी वारा आला, मदत लवकर पोचू शकली नाही, २१ धावपटू गेले. त्याचं भय खरं आहे, ते उडवून लावू नका. हुआंगयागुआनची वाट वेगळी, गाव जवळ, भिंतीवर ठिकठिकाणी स्वयंसेवक. तरीही पातळ वाराबंद जाकीट कमरेला बांधा. आणि प्रवास विमा घेताना 'मॅरेथॉनमध्ये झालेली इजा धरता का' हे लेखी विचारा. पुष्कळ विम्यांत स्पर्धा वगळलेल्या असतात. तो कागद मुलाच्या हातात द्या.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलाला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. विम्याचं पत्र त्यानेच लिहायला घेतलंय.

न्यासाच्या विश्वस्तांशी बोलले. वेगळं शीर्ष आणि दरपत्रक, दोन्ही मान्य. एफसीआरए नोंदणी नाही, आणि भाचा गेल्या वर्षी अमेरिकन नागरिक झालाय, त्यामुळे त्याला नाही सांगितलं. त्याला वाईट वाटलं. मग म्हणाला, मी त्या दिवशी इथे बेचाळीस किलोमीटर सायकल चालवेन.

पूर्वेकडे, तुमचा तो शाळेचा प्रसंग वाचून हातातलं काम ठेवलं. १९३८ ला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात आमच्या गावचा हा माणूस होता. अठ्ठाविसाव्या वर्षी गेले, ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच संपले, वय ३२. आमच्या वर्गात त्यांचा फोटो होता. मी परिचारिका झाले त्यात त्या फोटोचा वाटा आहे.

एक शेवटचं विचारते. त्यांच्या घराच्या अंगणातली चिमूटभर माती न्यावी असं मनात आहे. चालेल का?

---

पूर्वेकडे

माती नको ताई. माती, बिया, रोपं आत न्यायला तिथे बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतील. दुसरं काहीतरी बघा.

---

धागाकर्ती

बरं झालं विचारलं. मग सोलापुरी टॉवेल नेते, हातमागावरचा. आमच्या गल्लीत एकांच्या घरी अजून माग चालतो. कशासाठी हवाय ते सांगितलं तर पैसे घेईनात. म्हटलं, द्यायचेच असतील तर न्यासाच्या खात्यात भरा आणि पावती घ्या. आज सकाळी भरले. ५१ मीटरचे, ५१० रुपये.