"सगळ्याला कारण असतं, मग देवाला कोणी बनवलं?" रूममेटला काय सांगू?

नगरची_पोर
मी नगरची, सध्या पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, संडे स्कूल, तरुण संघ सगळं केलंय. काल रात्री रूममेटशी बोलताना मी म्हटलं की प्रत्येक गोष्टीला कारण असतं म्हणजे विश्वालाही असणार, तोच देव. ती म्हणाली मग देवाला कोणी बनवलं? मला काही सुचेचना. टिंगल नव्हती करत, खरंच विचारत होती, म्हणून जास्त लागलं. पाळकसाहेब म्हणाले प्रार्थना कर. करतेच आहे, पण तिला उत्तर काय देऊ?

वसईचा_वाचक
ताई, गडबड तुझ्या पहिल्या वाक्यात आहे, विश्वासात नाही. 'प्रत्येक गोष्टीला कारण असतं' असं म्हटलं की देवही त्यात येतोच. मुस्लिम विचारवंत अल-गझालींचं म्हणणं वेगळं होतं, ज्याला सुरुवात आहे त्याला कारण असतं. आणि १३व्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस तर अजून वेगळ्या वाटेने जातो. मालगाडी धर, डबा पुढच्या डब्यामुळे हलतो, तो त्याच्या पुढच्यामुळे, आता कितीही डबे जोड, हजार जोड, इंजिन नसेल तर गाडी जागची हलणार नाही. इंजिनाला कुठला डबा ओढतो हे आपण विचारत नाही कारण ते डबाच नाही. गंमत म्हणजे जगाला सुरुवात होती हे नुसत्या तर्काने सिद्ध होत नाही असं अक्वायनसच म्हणतो, ते तो पवित्र शास्त्रावरून मानतो. म्हणजे त्याचा मुद्दा फार पूर्वी काय झालं हा नाहीच, आत्ता या क्षणी हे सगळं कशाच्या जोरावर आहे हा आहे. मला हे कळायला दोन वर्षं गेली.

शंकेखोर
मी नास्तिक आहे पण प्रश्न आवडला. डबे-इंजिन पटलं तरी विश्व स्वतःच इंजिन का नाही? आणि न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांनी त्यांच्या न्यायकुसुमांजली ग्रंथात हेच केलंय ना, जग हे कार्य आहे म्हणून त्याला कर्ता हवा. ते ईश्वरापर्यंत पोचले, येशूपर्यंत नाही.

वसईचा_वाचक
बरोबर, आणि हे कबूल करायला मला अजिबात कमीपणा वाटत नाही. विश्वाबद्दल म्हणाल तर त्यातलं जे जे दिसतं ते बदलतं, संपतं, त्यामुळे ती मला डब्यांचीच रांग वाटते, पण यावर वाद अजून चालूच आहे. येशूचा प्रश्न तर्काचा नाही, साक्षीचा आहे. बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १५ वाचा. येशूच्या वधस्तंभानंतर साधारण वीस-पंचवीस वर्षांत प्रेषित पौल लिहितोय की मरणातून उठलेला येशू पाचशेहून अधिक जणांना दिसला आणि त्यातले बरेच अजून हयात आहेत. म्हणजे जा, विचारा. ही साक्ष खरी धरायची की नाही हे ज्याने त्याने तोलायचं. काशीच्या नीळकंठशास्त्री गोऱ्यांनी आधी ख्रिस्ती मताचं खंडन करणारा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि नंतर १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला, हा माणूस वादात कुणाला ऐकणारा नव्हता.

नगरची_पोर
दादा खूप आभार. तिला मालगाडी सांगितली तर तिनेही शंकेखोर यांचाच प्रश्न विचारला 😊 मी म्हटलं याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. मग तीच म्हणाली तो पंधरावा अध्याय दाखव. रविवारी दोघी बसून वाचणार आहोत. तिने बायबल कधीच हातात घेतलेलं नाही, तर तिला समजेल असं सोप्या मराठीतलं भाषांतर कुठलं घेऊ?