गोधडी स्पर्धेत द्यायचीय, पण फॉर्मवर नाव कोणाचं लिहू?

गोदाकाठची_सून
नमस्कार. आमच्या भागात दोन आठवड्यांनी हस्तकलेचं प्रदर्शन आहे, मैदानात मंडप टाकून, आणि त्यातच स्पर्धा पण. भरतकाम, विणकाम-क्रोशा आणि गोधडी असे गट केलेत. मी आधी फक्त क्रोशाचा टेबलावरचा गोल रुमाल देणार होते, पण सगळे म्हणतायत गोधडी दे.

तर ही गोधडी मी आणि सासूबाईंनी मिळून शिवलीय, वर्ष लागलं. पाच बाय सात फूट. आत सासऱ्यांची धोतरं, वरून सासूबाईंच्या दोन जुन्या नऊवारी आणि मध्ये माझ्या डोहाळजेवणाची हिरवी साडी, ती कापायला माझा हातच धजत नव्हता तेव्हा त्याच म्हणाल्या अगं कपाटात राहून विरेल, इथे निदान अंगावर तरी येईल. त्यांचं वय ७४, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी धावदोरा बघाल तर तांदळाच्या दाण्याएवढा. दोन ओळींमधलं अंतर अंगठ्याच्या नखाने मोजतात, पट्टी नाही की खडू नाही. माझे टाके त्यात लगेच ओळखू येतात, मोठे आहेत.

फॉर्मवर नावाची एकच ओळ आहे. त्या म्हणतात तुझंच लिही, मला काय करायचंय नाव. मला ते बरोबर वाटत नाही, अर्ध्याहून जास्त काम त्यांचं आहे. शिवाय कडेचा गोट मी घाईत मशीनवर मारलाय आणि नियमात लिहिलंय "संपूर्ण हाताने केलेले". हे चालेल का? कोणी आधी भाग घेतला असेल तर प्लीज सांगा.

सुईदोरा
ताई, मी तीन-चार वर्षं अशा प्रदर्शनात वस्तू जमा करून घ्यायच्या टेबलावर बसतेय म्हणून सांगते, मशीनचा गोट काढाच. परीक्षक कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी उलटी करतात. मशीनची टीप दोन्ही बाजूंनी सारखी सलग दिसते, ती लपत नाही, आणि एवढं वर्षभराचं हातकाम त्या चार कडांपायी बाद होऊ नये. टीप उसवायला एक संध्याकाळ पुरेल, मग गोट आतल्या बाजूला दुमडून बारीक तुरपाई करा. दोरा संपला की गाठ वर ठेवू नका, हलकेच ओढून आतल्या थरात घ्या.

अजून एक, गोधडी जड असते. दोन कोपऱ्यांना धरून टांगली की मध्ये झोळ पडतो आणि टाके ताणले जातात. मागच्या बाजूला वरच्या कडेला परकराला असतो तसा नेफा शिवा, चार इंच रुंद, सुई फक्त मागच्या थरातून जाऊ द्या म्हणजे पुढे टाका दिसणार नाही. त्यातून रॉड घातला की वजन सगळीकडे सारखं पडतं. नेफाही हातानेच शिवा हं.

येवल्याची_लेक
गोटाचं वर सांगितलंय, मी नावाबद्दल बोलते कारण मला हे फार जवळचं आहे. आमच्याकडे घरात हातमाग होता. पैठणीला २०१० मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाची खासियत म्हणून सरकारी मानांकन मिळालं, आता येवल्याचं नाव सगळीकडे आहे, चांगलंच आहे. खरी हातमागाची पैठणी ओळखायची तर पदर उलटा करून बघायचा, मोर मागून पण तसाच स्वच्छ दिसतो, लोंबते दोरे नसतात. आम्ही गिऱ्हाइकाला हे कौतुकाने दाखवायचो. पण माझ्या आईने आयुष्यभर कांड्या भरल्या, धागा जोडला, रात्री दिव्याखाली जरीचा गुंता सोडवला, आणि एकाही साडीसोबत तिचं नाव कुणाला कळलं नाही. विचारलं की ती पण हेच म्हणायची, मला काय करायचंय नाव. आता ती नाही, आणि मला वाटत राहतं की तेव्हा आम्ही तिचं ऐकायला नको होतं.

सासूबाईंचं नाव आधी लिहा, खाली तुमचं. ओळ एकच असली म्हणून काय झालं, बारीक अक्षरात दोन्ही बसतात.

क्रोशावेडी
रुमाल पण द्या हं, गोधडीच्या नादात तो राहून जाईल. आधी कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, मग जाड टॉवेलवर गोल पसरवून प्रत्येक टोकाला टाचणी लावून पूर्ण वाळू द्या, त्याशिवाय कडा वळतात आणि नक्षी उघडत नाही. खळ अगदी पातळ. रंगीत दोरा असेल तर धुण्याआधी ओला पांढरा कपडा त्यावर दाबून बघा, लाल रंग हमखास सुटतो.

आणि टाचण्या स्टीलच्याच घ्या, प्रदर्शनाला जाताना स्वतःच्या घेऊन जा. मागे एका ठिकाणी माझा पांढरा रुमाल त्यांच्याकडच्या साध्या टाचण्यांनी बोर्डावर लावला, डिसेंबर होता, मंडप उघडा, रात्रभर दव पडलं आणि सकाळी प्रत्येक टाचणीपाशी गंजाचा डाग. लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवला, फिकट झाले पण गेले नाहीत. पाच महिन्यांचं काम होतं, अजून तो रुमाल उघडला की पोटात तुटतं. तुमची गोधडी पण रात्री मंडपात ठेवू देऊ नका, संध्याकाळी घरी आणता येते का विचारा.

सातपूरकर
विकायची नसेल तर "विक्रीसाठी नाही" अशी चिठ्ठी लावा, नाहीतर दिवसभर लोक भाव विचारत बसतात आणि चारशे-पाचशेला मागतात, फार वाईट वाटतं. आमच्या मामीचं असंच झालेलं.

गोदाकाठची_सून
सगळ्यांचे खूप खूप आभार. येवल्याच्या ताई, तुमचं लिहिलेलं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. काहीच बोलल्या नाहीत, फक्त तुमची आई किती वर्षांची होती ते विचारलं.

काल फोन करून विचारलं, दोन नावं चालतात म्हणाले, फक्त गट एकच. रात्री गोट उसवला, मी उसवत होते आणि मागून त्या तुरपाई घालत येत होत्या, साडेतीन बाजू झाल्यात, उरलेली आज होईल. संध्याकाळी गोधडी घरी आणायला पण परवानगी मिळालीय. मागच्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडाची छोटी पट्टी लावायचं ठरवलंय, मी पेन्सिलने दोघींची नावं लिहून दिली की सासूबाई त्यावर साखळी टाका घालणार. त्यांनी एकच अट घातलीय, त्यांच्या नावात माहेरचं आडनाव पण पाहिजे.

आता नेफ्यात घालायला सहा फुटी हलका रॉड पाहिजे, पडद्याचा चालेल ना? की त्याला मध्ये बाक येईल?