बुरशी लागलेली जुनी कॅसेट पुन्हा कशी ऐकावी?

प्रश्न: बावीस वर्षे मस्कतमध्ये काढून मी सोलापूरला परतले, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत माझ्या हिंदी पॉपच्या कॅसेटी सापडल्या. त्यांतली लकी अली यांची ‘सुनोह’ (१९९६) मी गड्ड्याची यात्रा पाहून येताना नवी पेठेत घेतली होती. आज तिच्या फितीच्या कडेला पांढरट बुरशी दिसते आणि फितीमागचा नमद्याचा तुकडा गळून पडला आहे. ही गाणी मोबाइलवर सहज मिळतात, पण मला माझीच कॅसेट ऐकायची आहे. काय करावे?

उत्तर १: ताई, ती कॅसेट आहे तशी कृपया लावू नका, कारण बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडला चिकटून तेथून इतर कॅसेटींवर जाते. नाकातोंडाला रुमाल बांधून फितीच्या कडा मऊ, कोरड्या कापडाने हलक्या हाताने पुसा. कवचाला स्क्रू असतील, तर ते उघडून दोन्ही रिळे दुसऱ्या चांगल्या कवचात बसवा; नमदा कवचातच असल्यामुळे तोही प्रश्न सुटेल. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल असेल, तर आवाज लहरतो, म्हणून तोही बदलून घ्या आणि पहिल्याच वेळी संगणकावर ध्वनिमुद्रण करून ठेवा.

उत्तर २: पेटीत अलिशा चिनॉय यांची ‘मेड इन इंडिया’ (१९९५) असेल, तर तीही जपा. तिचे संगीतकार बिड्डू यांनीच १९८१ मध्ये नाझिया हसन यांचा ‘डिस्को दीवाने’ केला होता. हे दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकले, की चौदा वर्षांत आपल्याकडचे पॉप कसे बदलले, हे कानांना स्पष्ट कळते.

प्रश्नकर्ती: कवचाला पाच स्क्रू आहेत. रविवारी भाऊ बारीक पेचकस घेऊन येणार आहे.