शब्दचर्चा : उत्तेजना, उद्दीपन की चाळवणं?

स्त्रियांच्या लैंगिक आरोग्यावरची एक प्रश्नावली मराठीत आणतेय. स्वतःच्या देहाची लाज किंवा लहानपणापासून मनात बसलेलं 'हे घाण' यामुळे 'सेक्शुअल अराउजल'वर काय परिणाम होतो, असा तिचा विषय. मी 'कामोत्तेजना' लिहिलं होतं. लालबागला एका बैठकीत कागद वाटले, तेव्हा एका काकूंनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "उत्तेजनार्थ बक्षीस असतं ते माहितेय. हे काय असतं गं?" त्या प्रश्नापुढची जागा सगळ्यांनीच कोरी सोडली.

शब्द जड आहे एवढंच नाही. पेपरात कपडे 'उत्तेजक', नाच 'उत्तेजक', बाई 'उत्तेजक'. उत्तेजित होतो तो बघणारा. रसशास्त्रातलं 'उद्दीपन' म्हणजे चांदणं, वसंत, कोकिळा, सगळं बाहेरचंच. तिला स्वतःला काय होतं, याला शब्द कुठला?

प्रतिसाद : 'चाळवणं' घ्या की. भूक चाळवते तसं.

माझं उत्तर : क्रियापद गोड आहे, पण झोपही चाळवते, आणि 'भावना चाळवणारं' म्हटलं की आरोपच वाटतो. याच मुंबईत र. धों. कर्वे १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढत होते. वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं दिली म्हणून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. तेव्हापासूनचा तो आरोप या शब्दांना अजून चिकटलेला आहे.

प्रतिसाद : मग 'इच्छा' पुरे नाही का?

माझं उत्तर : नाही, आणि इथे मी हटून बसणार. इच्छा वेगळी, अंगाचा प्रतिसाद वेगळा, आणि तो तिला जाणवणं आणखी वेगळं. २०१०मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला. शरीराची मोजलेली प्रतिक्रिया आणि माणसाने स्वतः सांगितलेली जाणीव यांचा सहसंबंध पुरुषांत सरासरी ०.६६, स्त्रियांत ०.२६ (१ म्हणजे दोन्ही तंतोतंत जुळणं, ० म्हणजे काहीच मेळ नसणं). म्हणजे अंग ओलावलं तरी मन तिथे नसेल, मन असेल तरी अंग मागे राहील. अंगाचा प्रतिसाद म्हणजे होकार नव्हे, हे मराठीत स्वच्छ दिसलंच पाहिजे. एकच शब्द दोन्हींवर पांघरला तर ते झाकलं जातं.

मूळ प्रश्नावलीतल्या 'ॲटिट्यूड'ला 'दृष्टिकोन'ही मी खोडला. दृष्टिकोन विचार करून ठरवतो. 'हे घाण' कुणी ठरवत नाही, ते आत बसलेलं असतं आणि ऐन वेळी ब्रेक लावतं. दहा बाय बाराच्या खोलीत पडद्यापलीकडे सासूबाई खोकल्या की लागतो तो ब्रेक निराळा. तो परिस्थितीचा. प्रश्नावलीत दोन्ही वेगळे विचारलेत.

सध्याचं वाक्य असं : 'अंगाला जाग येते, पण मनाला येत नाही, असं होतं का? किंवा उलट?' पुढच्या बैठकीत त्याच काकूंनी 'किंवा उलट'खाली पेन्सिलीने दोनदा रेघ मारली.

शीर्षकासाठी नाम मात्र अजून हवंय. 'जागृती'ला मोहिमेचा वास येतो. सुचवा.