रिकामी पिकअप उचलताना (जागेवरून निघताना) धक्के, खालून ‘खट्’ आवाज: क्रॉस दोनदा बदलूनही फरक नाही

शिवाररस्ता (सावदा):
नमस्कार. माझ्याकडे मागच्या चाकांवर चालणारी, पाच गिअरची डिझेल पिकअप आहे. सावदा-फैजपूर परिसरातील मळ्यांतून केळीचे घड भरून ती पॅकिंगच्या शेडवर आणि अधूनमधून बऱ्हाणपूरला जाते. आतापर्यंत १ लाख ४० हजार किलोमीटर चालली आहे. दोन महिन्यांपासून पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना गाडी थरथरते, दोन-तीन धक्के देते आणि मग सुरळीत निघते. शिवाय पुढच्या गिअरमधून रिव्हर्स टाकला, किंवा रिव्हर्समधून पुन्हा पुढे घेतली, की खालून एक स्पष्ट ‘खट्’ ऐकू येतो. मला न उलगडलेली गोष्ट अशी की, थरथर गाडी रिकामी असतानाच अधिक जाणवते आणि माल भरला की जवळजवळ नाहीशी होते. ‘खट्’ मात्र दोन्ही वेळा असतोच. एका गॅरेजने प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सची ताकद मागच्या धुरीपर्यंत नेणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारे जोड, बदलले, दुसऱ्याने तेच पुन्हा बदलले आणि आता गिअरबॉक्स उतरवावा लागेल असे सांगितले. कापणी सुरू असल्यामुळे गाडी दोन दिवसांपेक्षा जास्त उभी ठेवणे परवडणार नाही. गिअरबॉक्सला हात लावण्यापूर्वी मी स्वतः काय तपासावे?

चाळीसगावकर:
भाऊ, मला तरी हे क्लचचे लक्षण वाटते. माझ्या गाडीत इंजिनच्या मागच्या सीलमधून तेल झिरपून क्लच प्लेटवर आले होते, आणि कन्नड घाटात चढावर गाडी उचलताना अशीच थरथर व्हायची. प्लेट, प्रेशर प्लेट आणि सील बदलल्यावर त्रास संपला. इंजिनच्या फाउंडेशनचे (इंजिन ज्यावर टेकलेले असते ते) रबरही एकदा पाहून घ्या. ते बसले असेल तरी उचलताना गाडी हलते.

जुना मिस्त्री, धुळे:
फाउंडेशनचे रबर पाहावेच, परंतु क्लचविषयी थोडे थांबावे असे मला वाटते. तेलकट किंवा जळलेल्या क्लचची थरथर वजन वाढले की वाढते, कमी होत नाही. तुमच्याकडे नेमके उलटे घडत आहे. दुसरी खूण अशी की, क्लचची थरथर पेडल पूर्ण सोडल्याबरोबर संपते. पेडलवरून पाय काढल्यानंतरही, ताशी १५-२० किलोमीटरचा वेग येईपर्यंत गाडी खालून हलत असेल, तर दोष क्लचच्या मागे, म्हणजे शाफ्ट, त्याला मध्ये आधार देणारे सेंटर बेअरिंग किंवा मागच्या धुरीकडे शोधावा. हे आज मोकळ्या रस्त्यावर पाच मिनिटांत कळेल.

‘खट्’ हा शक्तीच्या मार्गात कुठेतरी असलेल्या ढिलेपणाचा आवाज असतो, आणि तो शोधायला पैसे लागत नाहीत. गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद ठेवा, गिअर न्यूट्रलला ठेवा, चारही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, हॅण्डब्रेक ओढा आणि मग खाली जा. शाफ्ट हाताने दोन्ही दिशांना पिळून प्रत्येक जोडाकडे पाहा. क्रॉसच्या अलीकडचा भाग हलतो आणि पलीकडचा क्षणभर मागे राहतो, असे दिसले तर तो क्रॉस गेला. मागच्या फ्लँजला (शाफ्ट धुरीला जिथे बोल्टने जोडतो त्या चकतीला) फिरवताना थोडीशी हालचाल असणारच, कारण धुरीतल्या क्राउन आणि पिनियन या गिअरांच्या दातांत फट ठेवावीच लागते. परंतु तोच फ्लँज वर-खाली हलत असेल, तर पिनियनचे बेअरिंग संपले आहे. पुढचा आणि मागचा शाफ्ट जिथे जुळतात, तिथल्या सेंटर बेअरिंगचे रबर हाताने दाबून चिरा आहेत का ते पाहा. शाफ्ट दोनदा उतरवला गेला आहे, म्हणून सरकत्या जोडावरच्या बाणाच्या खुणा समोरासमोर आहेत का, हेही तपासा. एकाच शाफ्टच्या दोन टोकांचे क्रॉस धरणारे चिमटे एका रेषेत नसतील, तर नवा क्रॉससुद्धा गाडी हलवतो. शेवटी कमानपाट्या धुरीला आवळून धरणारे यू बोल्ट पाहा. धुरीच्या बैठकीपाशी गंजाची लाल पूड किंवा घासून चमकणारे लोखंड दिसले, तर गिअर बदलताना धुरीच जागच्या जागी सरकते आणि ‘खट्’ तिथूनच येतो.

आवाज नेमका कोणाचा, हे ओळखायची माझी एक जुनी सवय सांगतो. पिकअपमध्ये मागचे चाक एकदा फिरते तेव्हा शाफ्ट साधारण चार वेळा फिरतो (नेमका आकडा गाडीच्या डिफरन्शिअलवर, म्हणजे मागच्या धुरीतल्या गिअरांवर, अवलंबून असतो). टायरचा परीघ सुमारे २.१ मीटर धरला, तर ताशी ५० किलोमीटरला चाक मिनिटाला ४०० च्या आसपास फेरे घेते आणि शाफ्ट १६०० च्या आसपास. त्यामुळे अगदी सावकाश चालवताना चाकाच्या एका फेऱ्यात एकच ‘टक्’ येत असेल तर ड्रम, हब किंवा टायर पाहावे. चार-पाच येत असतील तर शाफ्ट. कोरड्या क्रॉसचा चिकचिक आवाज असाच घाईचा असतो.

आता मुख्य प्रश्न. या दोन महिन्यांपूर्वी मागच्या कमानपाट्यांचे काही काम केले होते का?

भुसावळकर:
थोडा वेगळा मुद्दा. धक्के उचलतानाच येतात की चालत्या गाडीतही? चालताना, विशेषतः चढावर, आवाजाशिवाय झटके येत असतील तर डिझेल फिल्टर आणि त्यातले पाणी आधी पाहावे. ते दुखणे शाफ्टचे नसतेच, आणि लोक उगीच खाली शोधत बसतात.

शिवाररस्ता:
चालत्या गाडीत झटके नाहीत. मिस्त्रींच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. हंगामापूर्वी माल भरल्यावर गाडी मागे बसते म्हणून दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकून घेतला होता. त्याचा शाफ्टशी संबंध असेल असे मनातही आले नाही. क्लच पूर्ण सोडल्यानंतरही थरथर काही अंतर राहते, हे आज सकाळी नीट तपासले.

जुना मिस्त्री, धुळे:
मग बहुधा तिथेच आहे. पाटे वाढवले की रिकाम्या गाडीचा मागचा भाग उचलला जातो, गिअरबॉक्स वर राहतो, धुरी खाली राहते आणि शाफ्ट अधिक तिरका होतो. क्रॉसचा स्वभाव असा आहे की, तो कोनात फिरला तर पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी मागचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर ही चढउतार एकमेकांत विरते, पण कोनच मोठा असेल तर उचलताना लागणाऱ्या जोरामुळे सेंटर बेअरिंगला हिसके बसतात. माल भरला की गाडी बसते, शाफ्ट सरळ होतो आणि थरथर जाते. केळी पट्ट्यात जादा पाट्यांची अशी बरीच वाहने मी पाहिली आहेत, आणि बहुतेकांनी आधी क्रॉसवर पैसे घातले होते.

मोबाइलमध्ये कोन मोजण्याचे ॲप असते. गाडी रिकामी, सपाट जागेवर उभी असताना मोबाइल पुढच्या शाफ्टवर, मागच्या शाफ्टवर आणि पिनियनच्या फ्लँजच्या सपाट तोंडावर ठेवून तीन आकडे लिहा. फ्लँजचे तोंड उभे असते, म्हणून त्याचा कोन ९० अंशांतून वजा करून घ्या. लगतच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या जोडाचा कोन. हे कोन साधारण ३ अंशांच्या आत असलेले बरे आणि त्यांच्यातला फरक १ अंशाहून जास्त नसावा. मग माल भरून पुन्हा मोजा.

शिवाररस्ता:
उशिरा लिहितो, क्षमस्व. रिकाम्या गाडीत मागच्या शाफ्टच्या दोन्ही जोडांचे कोन ७ अंशांच्या आसपास आले, आणि भरलेल्या गाडीत ३. बाणांच्या खुणा बरोबर होत्या. सेंटर बेअरिंगचे रबर एका बाजूने फाटलेले निघाले. यू बोल्टचे नट पान्याने जवळजवळ अर्धा फेरा आवळले गेले. पाटे टाकल्यानंतर ते पुन्हा कोणी आवळलेच नव्हते. ते घट्ट केल्यावर ‘खट्’ तिथेच थांबला. नंतर जादा पाटे काढले आणि सेंटर बेअरिंग नवे बसवले. हे सर्व एका दिवसात झाले. रिकाम्या गाडीचा कोन आता साडेचार अंशांवर आला असून उचलताना किंचित हलते, पण पूर्वीसारखा धक्का नाही. गिअरबॉक्स उघडलेला नाही.

जुना मिस्त्री, धुळे:
उत्तम. यू बोल्ट भरलेल्या गाडीने काही शे किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा आवळा, नवे पाटे असोत वा जुने. डिफरन्शिअलचे तेलही तपासून घ्या. तिथे जीएल-५ दर्जाचे (जास्त दाब सोसणारे गिअर) तेल घालतात, पण तेच उरलेले गिअरबॉक्समध्ये ओतू नका, कारण त्यातली रसायने गिअरबॉक्समधल्या, गिअर जुळवणाऱ्या पितळी रिंगांना मानवत नाहीत. गिअरबॉक्ससाठी कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलेच तेल घ्या. आणि घडांचे वजन आरसी बुकात लिहिलेल्या मर्यादेत ठेवा. एक फेरी जास्त होईल, ती होऊ द्या.

शिवाररस्ता:
फेऱ्यांचे गणित शेतकऱ्यांना समजावणे हेच आता खरे काम आहे. पुढील आठवड्यात पुन्हा कोन मोजून येथे लिहितो.